बारावं टूल

"सांगितलं तर खरं वाटायचं न्हाई आप्पा, देवाशप्पथ न्हाई वाटायचं," म्हणत विनोदनं खुर्ची पुढं ओढली. थाप मारायची तर माणसानं मागं टेकून बसू नये, एवढं त्याला कळत होतं.

कवठे येमाईच्या शेतकरी गटाचं ऑफिस म्हणजे डेअरीला लागून एक खोली. दूध घालून आलेली पंधरा-वीस माणसं तिच्यात कोंबल्यासारखी उभी होती. कांदाचाळीच्या अनुदानाचे अर्ज ऑनलाइन भरायची मुदत काल पाचला संपली. गटाचे एक्केचाळीस अर्ज, आणि पोचपावती एकाचीही नाही.

अर्ज भरायचं काम विनोदकडं होतं, पण ते त्यानं हातानं भरले नव्हते. त्याच्या कॉम्प्युटरात एआयचा एजंट होता. तो आपला आपण वेबसाइट उघडायचा, रकाने भरायचा, बटणं दाबायचा. त्याला बारा टूल, म्हणजे एकेका कामाची बटणं, दिली होती. कुठलं कशासाठी ते विनोदनं एकेका ओळीत मराठीत लिहून दिलं होतं; एजंट ती ओळ वाचूनच टूल वापरायचा. त्या यादीची प्रिंट त्यानं भिंतीवर, कॅलेंडरशेजारी चिकटवलीही होती. येईल त्याला दाखवायचा. 'यंत्राला कामाला लावलंय. मी नुसता चहा पितो.'

"मग घोटाळा झाला कुठं?" गटाचे अध्यक्ष सर्जेरावआप्पा म्हणाले.

"वानर, आप्पा."

"वानर?"

"ह्ये एवढं थोरलं! घोडनदीकडनं आलेलं. ऐन साडेचारला टॉवरवर चढलं आन् वायर धरून बसलं. हिकडनं एजंट अर्ज सोडतोय धडाधड, आन् समदे जात्यात वानराच्या अंगात. शेवटी त्याला आली शिंक. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस माघारी!"

माणसं हसली. हसणारी माणसं गचांडी धरत नाहीत. विनोदनं वानराला दोन पिल्लं दिली, टॉवरच्या वॉचमनला चक्कर आणली. आप्पासुद्धा मिशीत हसले.

कॉम्प्युटरचा पडदा मात्र त्यानं मघाच भिंतीकडं फिरवून ठेवला होता. सकाळी कुलूप काढल्याकाढल्या त्यानं त्यावर पाहिलं होतं: 'मसुदा जतन केला.' एक्केचाळीस अर्जांपुढं, आठवडाभर, रोज. एजंटनं प्रत्येक अर्ज नेटका भरला होता, नेटका जपून ठेवला होता, आणि पाठवला एकही नव्हता. रोज संध्याकाळी 'काम पूर्ण' असं कळवलंही होतं. विनोदनं ते वाचून रोज चहा घेतला होता.

सकाळी तो हे पाहत होता तेवढ्यातच कस्तुराबाई दारातून डोकावल्या होत्या. "आली का रं पावती?" त्यांचा अर्ज पहिल्या नंबरचा. कांदा ओसरीवर ताडपत्रीखाली, आणि त्या स्वतः महिनाभर गोठ्याच्या कडेला झोपत होत्या. "येतीय काकू," तो म्हणाला होता. खाली बघूनच.

त्याच आता गर्दीत उभ्या होत्या, आणि हसत नव्हत्या. डेअरीचं रजिस्टर त्यांनी वीस वर्षं लिहिलेलं. माणसांतून वाट काढत त्या भिंतीपाशी गेल्या, चष्मा चढवला आणि यादीवरून बोट खाली खाली आणू लागल्या.

"काकू, त्ये टेक्निकल हाय. तुम्हाला न्हाई..."

"अकरा," कस्तुराबाईंनी मोठ्यानं वाचलं. "'भरलेला अर्ज जपून ठेवणे. पाठवायचा नाही.' बरुबर. आन् बारावं दाबलं की अर्ज सरकारात जातो, व्हय ना? तूच सांगितलंवतंस."

विनोदनं मान हलवली. हलवली नसती तर बरं, असं त्याला वाटलं.

"बारा." बोट थांबलं. कस्तुराबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. "'वरीलप्रमाणे.'"

खोलीतलं हसू विझलं. वानराची पिल्लं, वॉचमन, शिंक, सगळं कुठल्या कुठं गेलं. विनोदचा हात नुसताच टेबलावरचा चहाचा कप फिरवत राहिला.

"रजिस्टरात मीबी लिवायची असं. शेवटाला हात भरून यायचा." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर त्याला वर बघता आलं असतं. "पर आदी वरची ओळ वाचायची, मग लिवायची."

कुणीतरी पडदा फिरवला. कस्तुराबाईंनी तिकडं पाहिलंही नाही.

"वानर-बिनर काय आलं न्हाई, विनोद. तुला कंटाळा आला हुता."