प्राणमापकाचा थरथरता आकडा

मुरलीधर खडपे सकाळी वारले. पण त्यांना लावलेल्या प्राणमापकावर शून्य टिकेना, म्हणजे सरकारी हिशेबाने ते वारलेच नव्हते, आणि घरातही तसंच वागायचं ठरलं. त्यांच्या पत्नी सुलभाकाकूंनी त्यांचाही चहा टाकला. शून्य मिनिटभर टिकलं असतं, तर सरकारी गाडी येऊन त्यांना घेऊन गेली असती.

आकडा मात्र शून्य, तीन, शून्य, दोन असा थरथरत होता. म्हणून यंत्र दुरुस्त करणारा तेजस आला.

"काकू, काकांना लावलेली ही यंत्राची तार तुम्ही का धरलीय?"

"त्यांना आधार."

"जरा सोडा बरं."

काकूंनी तार सोडली. आकडा शून्यावर गपगार बसला. काकूंनी झडप घालून तार पुन्हा धरली. तीन!

"बघ, मी धरलं की येतात हे!"

"अहो, तो गोंगाट आहे. खोलीतल्या विजेची गुणगुण तुमच्या अंगातून तारेत शिरते. मी धरली तरी आकडा हलेल."

त्याने ती काकूंकडून घेऊन धरली. चार आले.

"तुझ्यासाठी चार?" काकू दुखावल्या आणि त्यांनी तार परत घेतली.

"आता फिल्टर बसवतो. गुणगुण गेली, की..."

"नको बसवूस."

"वर काय कळवू, काकू?"

काकूंनी मोकळ्या हाताने डोळे पुसले.

"लिही. सौ. सुलभा मुरलीधर खडपे यांची सदर यंत्राचा कायमस्वरूपी भाग म्हणून नोंद व्हावी, आणि यापुढे यंत्र त्यांच्यासहच अचूक समजण्यात यावे, ही नम्र विनंती."