माणसाची पारख

मोबाइल कंपनीच्या भागधारकांच्या सभेत वत्सलाबाई सानप प्रश्न विचारायला उठल्या, तशी लेकीने त्यांचा पदर ओढला. “आई, बस गं! दुसरी मोठी कंपनी या कंपनीला विकत घेणार म्हणतात. शेअरचा भाव दुप्पट होईल.”

पण बाईंची सगळी पुंजी या शेअरमध्ये होती. “साहेब, गावोगाव रेंज जातेय. तुमचे स्वतःचे शेअर ठेवलेत की विकलेत?”

अध्यक्ष पाणी प्यायले. “पुढचा प्रश्न!”

घरी येताना बाई विचार करत राहिल्या. असल्या माणसाची कंपनी घेणार कोण? सकाळी त्यांनी सगळे शेअर विकून टाकले.

महिनाभरात सौदा झाला, भाव दुप्पट झाला. ‘कंपनी चांगली, चालवणारा वाईट,’ म्हणत नव्या मालकाने आधी अध्यक्षांनाच घरी बसवलं.

“बघ, माणूस मी बरोबर ओळखला होता,” बाई पुटपुटल्या.

“नव्या मालकानेही ओळखला होता, आई,” लेक म्हणाली. “म्हणूनच तर कंपनी घेतली.”