काढून टाकलेला विषय

"गणित कुठंय?" खिडकीतल्या कारकुनाने गुणपत्रिका उलटी करून पाहिली, जणू गणित मागच्या बाजूला दडून बसलं असावं.

"नाहीये," पोरगी हळूच म्हणाली.

"मग इंजिनिअरिंग नाही. बारावीला भौतिक, रसायन आणि गणित, तिन्ही लागतात. बाहेर पाटीवर लिहिलंय. चला, पुढचे या."

पुढच्यांना यायला जागाच नव्हती. पोरीच्या शेजारी तिची आजी दोन्ही कोपरं खिडकीच्या फळीवर रोवून उभी होती. शाळेचे गणवेश शिवण्यात बाईची चाळीस वर्षं गेली. पण हिची कात्री कापडावर कमी आणि माणसांवर जास्त चालते, असं म्हणून गल्लीने तिचं नाव कात्रीबाई ठेवलं होतं. "नुसती चौकशी करून येते, आजी, तू नको ना येऊस," अशी नात सकाळपासून गयावया करत होती. म्हणून तर ती आली. नको म्हटल्यावर कात्रीबाई घरी राहील, तर मग झालंच.

"बाळा, नीट बघ तो कागद," ती म्हणाली. "एक्क्याण्णव टक्के आहेत. चौथीत होती तेव्हा हिने माझं मशीन खोललं, नि मी बोंब मारायच्या आत पुन्हा जोडलं. त्याला मोटर बसवली तीही हिनेच. तुमच्या या पोरांतल्या कितींना सुईत दोरा ओवता येतो, विचारून ये जा."

"आजी, नियम मी केलेला नाही."

"ते दिसतंच आहे. स्वतःच्या काखेतली शिवण सांभाळता येईना, तू कसला नियम करतोस."

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. कारकुनाने हात अंगाशी घेतला. पण माणूस बरा निघाला, चिडला नाही. गुणपत्रिका पुन्हा जवळ ओढून त्याने चष्मा सारखा केला. "भौतिकला शंभरात सत्त्याण्णव. आणि गणित घेतलं नाही? हा सल्ला दिला कुणी?"

"तेच विचारते मी!" कात्रीबाईला बळ चढलं. "कुठल्या दीडशहाण्याने हिचं गणित काढलं? नाव सांग गं. उभा उसवते त्याला."

"मीच काढलं, आजी," पोरगी म्हणाली. "मला नकोसं झालं होतं."

खोटं बोलायची वेळ आली की पोरगी कानाची पाळी चोळते. आत्ता चोळत होती. ते पाहिलं आणि कात्रीबाईचं उघडलेलं तोंड तसंच राहिलं.

अकरावीच्या प्रवेशाच्या दिवशी पोरगी तापाने फणफणली होती. फॉर्म घेऊन कोण गेलं होतं? तिथल्या बाईंनी विचारलं, गणित ठेवायचं की काढायचं, तेव्हा छाती पुढे काढून कोण म्हणालं होतं, "काढून टाका ते मेलं. रोज रात्री वहीवर टिपं गाळत बसते माझी पोर"? घरी येऊन केवढ्या थाटात सांगितलं होतं तिने, बघ, तुझ्या डोक्याचा ताप काढून आले. पोरगी भिंतीकडे तोंड करून निजली होती. म्हणाली होती, "बरं केलंस, आजी."

कात्रीबाईने फळीवरची कोपरं काढली.

"साहेब," ती म्हणाली. आतापर्यंतचा बाळा एकदम साहेब झाला. "पोरगी खोटं बोलते. ती दीडशहाणी मीच."

आपली चूक झाली, असं ही बाई चारचौघांत म्हणाली, हे गल्लीत सांगितलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता.

कारकुनाने खाली बघत एका चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं. "एकट्या गणिताची परीक्षा बाहेरून देता येते. अर्ज कुठे करायचा ते यात लिहिलंय. पास झाली की पुढच्या वर्षी या. एक वर्ष जाईल, एवढंच."

बाहेरच्या पायऱ्यांवर दोघी टेकल्या. चिठ्ठी पोरीच्या हातात होती. कात्रीबाईला तिच्याकडे बघवेना, म्हणून ती समोरच्या सायकलींकडे बघत बसली.

"दोन वर्षं तोंड शिवून बसलीस?"

"तू सगळ्या गल्लीला सांगत होतीस. पोरीच्या डोळ्यातलं पाणी बंद केलं म्हणून."

"मी काय, उद्या सूर्य खाली पाडला म्हणून सांगेन. तू बोलायचंस की, भवाने."

"तू किती खुशीत होतीस, आजी."

कात्रीबाईने नातीच्या बाहीवर नसलेला दोरा उगाच तोडून काढला.

"आवडत होतं, तर मग रडायचीस कशाला?"

"उत्तर यायचं नाही म्हणून."

"आणि आलं की?"

"आलं की हसायचे. एकटीच, खूप. पण तोवर तू झोपलेली असायचीस."

कात्रीबाई गुडघ्यावर हात देऊन उठली आणि पोरीला उठवायला हात पुढे केला.

"यंदा उत्तर आलं," ती म्हणाली, "की मला उठवत जा."