वस्तू सध्या कुणाकडे

हे लिहून ठेवायचंच नाही, असं त्याच्या मनात होतं. पण डोक्यातून जाईना.

टेबलाच्या एका टोकाला बाई, दुसऱ्या टोकाला साहेब, मधे तो. मित्रानं आपल्या ऑफिसात कुणाकडे तरी शब्द टाकून मिळवून दिलेलं, वेबसाइट बनवायचं त्याचं पहिलंच काम. आज होकार नाही आला तर काम गेलं, वर मित्राचा शब्दही गेला.

त्यानं वायरफ्रेमचे, म्हणजे वेबसाइटच्या कच्च्या आराखड्याचे कागद पसरले. रंग नाही, चित्र नाही, नुसते चौकोन. गिऱ्हाईकानं बोट ठेवून सांगायचं, हे हवं, ते नको. फोनवर साहेब एवढंच म्हणाले होते, “दोघांची आहे. आठवड्यानं इकडून तिकडे जाते. वेबसाइटवर दोघांना दिसलं पाहिजे.” काय ते न विचारताच यानं घाईत चौकोनात टाकून दिलं, ‘वस्तू’.

“भाड्यानं द्यायचं मशीन असणार,” मित्र म्हणाला होता. “भागीदार असतील, बिनसलेले.”

बाईंनी ‘सध्या कुणाकडे’ लिहिलेल्या चौकोनावर बोट ठेवलं. “हा मोठा करा. उघडल्या उघडल्या दिसू दे.”

“त्यांना सांगा, उशिरा परत केली तर तेही लाल दिसू दे,” साहेब म्हणाले. बाई समोरच बसल्या होत्या.

“त्यांना सांगा, रस्त्यात गर्दी असते.”

यानं पुढचा कागद सरकवला. “बरं, बिघडली तर? दुरुस्ती कुणाकडे?”

“माझ्याकडे.” दोघं एकदम.

“बिघडते ती रात्रीच,” बाई म्हणाल्या. “तेव्हा मीच लागते.”

“त्यांना सांगा, मलाही जमतं.”

याचं डोकं पार भंजाळलं. “एकूण वस्तू किती?”

“एकच.”

“एकीसाठी एवढं?” वातावरण जरा हलकं करावं म्हणून तो बोलून गेला, “मग विकून टाका की सरळ! पैसे निम्मे निम्मे. ना भांडण, ना वेबसाइट.”

कुणी हसलं नाही. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, तसाच हातात धरून बसले. बाई चौकोनाकडे बघत राहिल्या.

गेलं काम, त्याला वाटलं. सारवासारव करत म्हणाला, “इथं नमुन्याला फोटो टाकू या. आहे का कुणाकडे?”

दोघांनी आपापला फोन पुढे केला. दोन्हीवर तोच फोटो.

जिन्यात असतानाच मित्राचा फोन आला. “काय रे, झालं का पक्कं? मशीन कुठलं निघालं?”

“काम मिळालं.”

“मग आवाज का असा, भूत बघितल्यासारखा?”

तो पायरीवरच बसला. “तुझ्या शब्दाला बट्टा नाही लागू देणार. घरी जाऊन आधी सगळ्या कागदांवरचं ‘वस्तू’ खोडतो, वचन देतो तुला. मुलगी आहे रे त्यांची. फोटोत पुढचे दोन दात पडलेत.”