लाल पाटी

मायदेशी निघालेल्या साहेबाकडून देवाजीनं ऑटोमॅटिक गाडी घेतली, कारण तिला क्लच नव्हता आणि देवाजीला डावा पाय नव्हता. पुढं गिअरबॉक्स निकामी झाला. भिलाईत पार्ट मिळेना. शेवटी अंगणातच, कुबडी बाजूला ठेवून, त्यानं जीपचा गिअरबॉक्स चढवला आणि क्लचचं पेडल बायकोच्या पायाच्या मापानं बसवलं. कामाआधी फिटरच्या सवयीनं स्टिअरिंगला लाल पाटी बांधली होती: ‘काम चालू है.’ पोलाद कारखान्यातल्या त्याच्या मिलमधला नियमच तो: ज्यानं बांधली, त्यानंच सोडायची. त्याची एकदा दुसऱ्यानं सोडली, मशीन सुरू झालं आणि पाय गेला. आज बायको स्टिअरिंगवर बसली. देवाजी पहिल्यांदाच शेजारच्या सीटवर. “सोड थे पाटी, कर चालू.” तिनं हात मागं घेतला. “तुमीच सोडा. मी नाई हात लावत.” देवाजी वाकला. बोटं धड होती, तरी गाठ सुटायला वेळ लागला.