घरचंच काम

"घरच्या कामाला वकील कशाला लागतोय?" असं म्हणत दादानं कागद माझ्या ताटाशेजारी सरकवला. बाबांचं तेरावं होतं. दादाचा एक मित्र सोडून बाकीचे पाहुणे गेल्यावर मी आत्ता कुठे जेवायला बसले होते.

बाबांनी मृत्युपत्रात फ्लॅट दादाला दिला होता म्हणे. आता त्याला कोर्टाकडून प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा दाखला हवा होता. बहिणीनं हरकत नाही असं लिहून दिलं की तो लवकर मिळतो. "तू फक्त सही कर."

कागदाला मृत्युपत्राची प्रत जोडली होती; तिच्यावर बाबांची सही आणि तारीख होती, गेल्या दिवाळीतली. त्या दिवाळीत बाबा मला आई म्हणून हाक मारत होते. पेन सोडाच, त्यांना चमचाही धरता येत नव्हता. त्यांना मी भरवत होते आणि दादा फराळाचं पार्सल पाठवून मोकळा झाला होता.

"ही सही बाबांची?"

"परक्या माणसासमोर मला खोटं पाडतेस?"

परका माणूस म्हणजे दादाचा तो मित्र. मघाशी त्याला मीच आग्रह करकरून लाडू वाढले होते. मला पेन द्यायला त्यानं बॅग उघडली. आत घडी घातलेला काळा कोट होता, त्यावर वकिलांचा पांढरा बँड.

मी खरकट्या हातानंच कागद परत ढकलला. त्यावर आमटीची बोटं उमटली.

"दादा, तुझा मित्र जेवला. उद्या माझी मैत्रीण येईल. तिला कोट घालूनच यायला सांगते."