आंब्याखालची खुर्ची

"काहीच पेटलं नाही! म्वेंडे, ऐकतेस ना? एकही दिवा नाही!"

नवऱ्याचा आवाज स्टँडवरच्या मटाटू गाड्यांच्या भोंग्यांत अर्धा बुडाला होता, तरी एवढं ऐकूनच म्वेंडे मटकन पायरीवर बसली. हातातली भाजीची जुडी घरंगळत अंगणात गेली.

"खरंच? डॉक्टर काय म्हणाले, मुस्योकी?"

"पडद्यावरच दाखवलं मला. मान साफ, छाती साफ. आता सलाईन नाही, उलट्या नाहीत, काही नाही. निघालोय मी नैरोबीहून. कोंबडा कापा!"

म्वेंडेने सासूला, म्वाइतूला, हाक मारली. एकही दिवा नाही, असं तिने ओरडून सांगितलं. म्वाइतूने चुलीपुढून उठून जीभ वळवत अशी लांबलचक आरोळी ठोकली, की पलीकडची म्बिथे हातात डाव घेऊन कुंपणाशी धावली.

"काय गं, कुणाचं लग्न ठरलं?"

"माझा मुलगा बरा झाला!"

मग काय, डाव घेऊनच म्बिथे अंगणात आली आणि दोघी नाचायला लागल्या. म्वेंडेच्या काखेतली लेक कवाता, अजून वर्षाचीही नव्हती, पण आजीकडे बघून तीही पाय झाडायला लागली.

मुस्योकीच्या मानेतल्या कॅन्सरच्या गाठींचं निदान झालं तेव्हा ही तपासणी पहिल्यांदा झाली होती. साखरेसारखं औषध टोचतात, रोग जिथे दबा धरून बसलेला असतो तिथे तो ते अधाशासारखं खातो आणि चित्रात दिव्यासारखा पेटतो. तेव्हा मान आणि छाती दिव्यांच्या माळेसारखी उजळली होती. निकालाला चार दिवस लागले होते आणि त्या दिवसांत घरात कुणी धड जेवलं नव्हतं. आज लगेच कळलं, हे किती बरं झालं, असं म्वेंडेच्या मनात आलं. पुन्हा कुठे पेटलेलं दिसलं असतं, तर पुन्हा सलाईन, आधीपेक्षा जहाल.

सकाळी धाकटा दीर किलोंझो सोबतीला म्हणून बूट पुसून हजर झाला होता. मुस्योकीने त्याला दारातूनच परत पाठवलं. "जा, दुकान उघड. मी काय कुकुलं बाळ आहे?"

शर्टाची बटणं लावताना तो म्वेंडेला म्हणाला होता, "पुन्हा दिवे दिसले तर मला नाही हं झेपायची ती सलाईन. आणि दिसले तर तू काही मला सोडणार नाहीस."

"नाहीच सोडणार. कान धरून नेईन."

तो हसला होता. बऱ्याच दिवसांनी.

"मागच्या वेळची गंमत ठाऊक आहे का तुला?" कोंबड्याची पिसं उपटत म्वाइतू म्बिथेला सांगत होती. "त्या इंजेक्शनात किरणं असतात म्हणे. नर्सने बजावलं, आजचा दिवस लहान पोराला जवळ घ्यायचं नाही. तर हा शहाणा तिथे आंब्याखाली खुर्ची टाकून बसला, पार अंधार पडेपर्यंत. कवाता इथून हात पसरून रडतेय, तो तिथून गातोय. कोपरावरची कापसाची पट्टी दाखवून म्हणतो कसा, आज तुझा बाप दिवा आहे, दिव्याला हात लावायचा नसतो!"

"आणि भुकेचं सांगा की," म्वेंडे म्हणाली. "उपाशीपोटी नेतात ना. आल्या आल्या मका-घेवड्याच्या मुथोकोईचं अख्खं पातेलं चाटून पुसून साफ!"

"म्हणजे आमचे हे रोजच तपासणी करून येतात म्हणायचं!" म्बिथे म्हणाली, आणि तिघी पोट धरून हसल्या.

म्वेंडेने आजही सकाळीच आंब्याखाली खुर्ची मांडून ठेवली होती. शेजारी स्टुलावर पाण्याचा तांब्या, झाकण घालून. पोर झाल्यापासून ती अशीच झाली होती. पाणी दोनदा उकळायची, मच्छरदाणीचं भोक बोटाने शोधायची, रात्री उठून कवाताच्या नाकाशी हात धरायची. आज मात्र रश्शाला मीठ घातलं की नाही हेही तिला आठवेना, आणि त्याचं तिला काही वाटेना. ती चक्क गुणगुणत होती.

उन्हं कलायच्या आत फाटक वाजलं. कोट खांद्यावर टाकून, अर्ध्या बाह्यांच्या शर्टात मुस्योकी नाचतच आत आला. म्वाइतूने आरोळी दिली, म्बिथेने तिच्यात आपली मिसळली, रस्त्यावरून जाणाऱ्या दोन बायकांनी कशासाठी ते न विचारताच तिसरी जोडली.

म्बिथेच्या कडेवरून कवाताने दोन्ही हात पुढे टाकले.

मुस्योकीने तिला तिथल्या तिथे उचललं. हवेत उडवलं, झेललं, पुन्हा उडवलं. गालांचे मुके घेतले, तोंड तिच्या पोटात खुपसलं. पोर खिदळत होती. म्वेंडे हसत होती आणि हाताच्या पाठीने डोळे पुसत होती.

"चल, आधी जेव," म्वाइतू म्हणाली. "उपाशी असशील."

"पोट भरलंय गं. स्टँडवर चपात्या हाणल्या."

"स्टँडवरच्या चपात्या! आणि इथे कोंबडा शिजतोय!"

सगळे हसले. कवाता बापाच्या दंडाला बिलगली होती. तिची इवलीशी बोटं त्याच्या कोपराच्या खोबणीत चाचपडत होती. म्वेंडेची नजर त्या बोटांवर गेली. तिथे कापूस नव्हता. पट्टी नव्हती. दुसऱ्या हातालाही नव्हती. टोचल्याचा ठिपकासुद्धा कुठे नव्हता.

"मुस्योकी," ती हळूच म्हणाली, "तुझी खुर्ची तिकडे मांडलीय."

"कशाला?" तो हसतच म्हणाला.

मग त्याने आंब्याकडे पाहिलं. खुर्ची पाहिली, झाकलेला तांब्या पाहिला. म्वेंडेकडे मात्र त्याला बघवेना. त्याने कवाताला खाली ठेवलं नाही. आणखी घट्ट छातीशी धरलं.